खोक्यावरचं नाव

चि. शमूस,

जय ख्रिस्त.

परवा तुझ्या ऑफिसकडून दिवाळीचा खोका आला. दिवाळी होऊन आठवडा झाल्यावर आला, पण तो दोष कुरियरवाल्याचा. खालच्या वॉचमननं तर तो जवळजवळ परतच पाठवला होता. "इथं श्याम कुणी राहत नाही," असं ठासून सांगत होता बिचारा. तुझी आई नेमकी भाजी घेऊन येत होती, तिनं आडनाव आणि खोली नंबर वाचला म्हणून खोका वर आला. टेबलावर ठेवून मला म्हणते, "अहो, हा श्याम कोण?"

काजू, बदाम, मनुका, दोन रंगवलेल्या पणत्या आणि सोनेरी अक्षरांचं कार्ड, 'प्रिय श्याम'. काजू आम्ही संपवले, हे आधीच सांगून टाकतो. पणत्याही त्याच संध्याकाळी खिडकीत लावल्या. तेव्हा दिवाळीवरून मी रागावलोय असं समजू नकोस. तुझ्या आजीच्या चाळीत दिवाळीत ताटं आपल्या घरी यायची, नाताळात तीच ताटं करंज्या-चकल्या भरून परत जायची. ताट रिकामं परत करायचं नसतं, एवढाच नियम होता.

फोनवर विचारलं तर हसलास. "पप्पा, शमुवेल म्हटलं की लोक तीनदा विचारतात. शमू म्हटलं की त्यांना शामू ऐकू येतं. मग झालं श्याम, त्यात काय एवढं?" आणि मग तुला मीटिंगला बोलावलं. मालाडहून महिन्यातून एकदा येतोस, आलास की मोबाईलमध्ये डोकं. म्हणून हे पत्र. सवडीनं वाच, पण वाच.

तुझं म्हणणं मला कळतं रे. आपलं आडनाव नगर जिल्ह्यात कुणाचंही असतं तसलं. त्यापुढे शमुवेल ऐकलं की लोकांचा चेहरा जरा थबकतो. मग ठरलेले प्रश्न. "मूळचे गोव्याचे का?" "मराठी किती छान बोलता हो!" राहुरीचे म्हटलं की समोरचा गप्प. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरला सुरू झालं, आपण गोव्याहून नाही तर गावकुसाबाहेरून आलो, हा सगळा इतिहास लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापासून नवव्यापर्यंत सांगून होत नाही. श्याम म्हटलं की सुटका. मान्य.

पण हे नाव आम्ही कॅलेंडर बघून ठेवलेलं नाही. बायबलातल्या हन्नानं देवाकडे मूल मागून घेतलं आणि त्याचं नाव शमुवेल ठेवलं. आम्ही सात वर्षं मागत होतो. तुझ्या आईचा तेव्हाचा रविवारचा चेहरा तू पाहिलेला नाहीस, मी पाहिलाय. एवढंच. याचं ओझं घेऊ नकोस, पण तुला माहीत असलेलं बरं.

आता आजोबांची गोष्ट. तुला अर्धीच माहीत आहे.

आपल्या पणजोबांनी गावी बाप्तिस्मा घेतला, आजोबा मुंबईत गिरणीत लागले आणि माझं नाव शाळेत घालताना धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' लिहून आले. माझा शाळा सोडल्याचा दाखला कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे, आलास की बघ. घड्या पडून मधोमध फाटलाय, नेमका त्या रकान्याच्या खालून. त्या एका शब्दाची किंमत काय ते मला १९८२ साली कळलं. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आजोबांचा पगार थांबला, आणि मी एकोणीस वर्षांचा. नात्यातले एक काका घरी आले. म्हणाले, जुनी जात लावून दाखला काढू, गावी ओळख आहे, राखीव जागेवर पोरगा चिकटेल. रविवारी चर्चला जायला कोण अडवतंय?

काका वाईट नव्हते. कायदाच तसा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा हक्क फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. आपण अजून बाहेर. जणू बाप्तिस्म्याच्या पाण्यानं गावातली आपली पाणवठ्याची जागाही बदलली होती! आपल्या नात्यात कितीतरी जण कागदावर एक आणि प्रार्थनेत एक असे जगले. त्यांना मी खोटारडे म्हणणार नाही. ज्यानं पोटाला चिमटा काढून पोरं शिकवली त्याला काय ते बोलण्याचा अधिकार, दुसऱ्याला नाही.

काका गेल्यावर आजोबा मला म्हणाले, "तुझं तू ठरव." बस. उपदेश नाही, वचन नाही. मी नाही म्हणालो. तू मला विश्वासाचा वीर वगैरे समजत असशील तर सांगतो, मी नाही म्हणालो ते आजोबांच्या तोंडाकडे बघून. ते संतापले असते तर मी दाखला काढला असता. ते नुसते बसून राहिले, हातातल्या चहावर साय आली तरी प्याले नाहीत.

आणि त्याच मी बारा वर्षांनी काय केलं ते ऐक. मशीद बंदरला कामाला होतो. विक्रोळीहून सकाळी कल्याणहून येणारी धीमी लोकल पकडायचो, त्या डब्यात भजनी मंडळ होतं. मला टाळ वाजवता येतो हे त्यांना एकदा कळलं, मग काय, खिडकीची जागा ठेवायला लागले. कुणी धर्म विचारला नाही, मी सांगितला नाही. आडनावावर भागत होतं, तुझं भागतं तसंच. जवळजवळ वर्ष गेलं. दसऱ्याला डबा सजवतात, झेंडूची तोरणं, केळीचे खुंट, प्रसाद. वर्गणी मी दिली होती. आदल्या दिवशी बुवा म्हणाले, "उद्याची आरती तुमच्या हातून." दुसऱ्या दिवशी मी पुढच्या डब्यात चढलो. दाराशी लोंबकळत भायखळ्यापर्यंत मागच्या डब्यातला टाळ ऐकला. माझ्याशिवाय ठेका जरा ढिला पडत होता, याचं मला बरंही वाटलं, खोटं का सांगू.

आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं. मला वाटलं, आता मूर्तिपूजेवर तासभर ऐकावं लागणार. त्यांनी बायबलातलं दुसरे राजे, पाचवा अध्याय काढला. अरामाचा सेनापती नामान कोडातून बरा होतो, अलीशा संदेष्ट्याच्या देवावर विश्वास ठेवतो, दोन खेचरं वाहतील एवढी इस्राएलची माती मागून घेतो. आणि जाता जाता अडखळत विचारतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल ना? अलीशा त्याला झापत नाही. शांतीनं जा, एवढंच म्हणतो. पाळकसाहेब म्हणाले, "उत्तर काय मिळालं ते सगळे लक्षात ठेवतात. तू हे लक्षात ठेव, की त्यानं विचारलं."

मी बुवांना जाऊन सांगितलं. आरती मला जमणार नाही, मी ख्रिस्ती आहे, आधी बोललो नाही ही माझी चूक. बुवांनी टाळ माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुमच्यात अभंग असतात का?" मी टिळकांचा अभंग म्हटला. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक, १८९५ साली याच मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारे. दुसऱ्या कडव्याला मंडळींनी धरलं. घाटकोपरला चढलेल्यांना काही वेगळं चाललंय हे कळलंही नसेल. सगळं गोड झालं असं मात्र नाही. दोघांनी त्यानंतर माझ्या डब्यातली भाकरी घेणं सोडलं. रोज समोर बसायचे, बोलायचे, भाकरी घ्यायचे नाहीत. शेवटपर्यंत.

इकडे आपल्याच चर्चच्या मंडळीतल्या एका काकूंनी आईला ऐकवलं, तुझा नवरा गाडीत भजनं करतो म्हणे, आता गंधही लावेल. दोन्हीकडून असंच असतं. पंडिता रमाबाईंचं बघ. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला म्हणून इथले लोक तुटून पडले, आणि तिथल्या सिस्टरबाईंना त्यांचं शाकाहारी राहणं खटकत होतं. गळ्यात घालायला क्रूस दिला, त्यावर लॅटिन अक्षरं. बाई म्हणाल्या, लॅटिनच का, संस्कृत का नको? मला ही बाई फार आवडते. ती कुणाच्याच साच्यात बसली नाही आणि त्यासाठी तिला आवाजही चढवावा लागला नसेल.

तर नावाचं मी एवढ्यावर सोडून दिलं असतं. तुझं तू ठरव म्हणून. पण आईनं मला टाइमशीटचं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत असूनही तू तिला सांगितलंस, म्हणजे मला कळावं असं तुला वाटत असणार. सहा तास काम झालं तरी नऊ लिहायचे, परदेशातल्या गिऱ्हाइकाला काय कळतंय, सगळी टीम तेच करते, आणि एकट्यानं सहा लिहिले तर बाकीचे उघडे पडतात. बरोबर?

तू दोन वर्षांचा होतास. मी गोदामात कारकून. ट्रकमधून चाळीस पोती उतरायची, चलनावर पन्नास. मेहताजी म्हणायचे, सही कर. मी पहिल्यांदा का-कू केली तर हसले. म्हणाले, "तुमच्यात बरं असतं. रविवारी जाऊन माफी मागितली की सोमवारी वही कोरी." मला त्या बोलण्याचा राग आला आणि मी सही केली. दर खेपेला दोनशे रुपये पाकिटात. सहा खेपा झाल्या.

मग महिन्याचा पहिला रविवार आला, प्रभुभोजनाचा, प्रभूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. रांगेतून ट्रे पुढे आला, त्यातले ते द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे पेले एकमेकांवर आपटून बारीक वाजतात, तुला माहीत आहे तो आवाज. मी ट्रे घेतला आणि तसाच पुढे दिला. आई शेजारी बसली होती. तिनं तिथं काही विचारलं नाही. घरी भात वाढताना म्हणाली, "किती?"

मी म्हणालो, "बाराशे."

तिनं आमटी वाढली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सही बंद केली. शेठला जाऊन सगळं सांगायला हवं होतं, ती हिंमत झाली नाही, तेवढा मी शूर नव्हतो. दीड महिन्यात मोजदादीतल्या कुठल्याशा चुकीचं निमित्त काढून मला घरी बसवलं. आठ महिने. आईच्या दोन बांगड्या गेल्या त्या तेव्हाच्या, तू विचारतोस ना जुन्या फोटोतल्या बांगड्या कुठे आहेत म्हणून. बायबलातल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत केलं. माझ्याकडून एकपटही झालं नाही, ते बाराशे आपण वाण्याला देऊन बसलो होतो.

मला सही इतकी सोपी का गेली याचा मी पुष्कळ विचार केलाय. गाडीतल्या त्या वर्षानं मला गप्प बसायची सवय लावली होती. धर्म लपवला तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून वाटलं गप्प बसण्यानं काही बिघडत नसतं. बायबलात पौलानं रोमकरांना लिहिलंय ना, "ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका." लहानपणी मला वाटायचं समरूप होणं म्हणजे प्रसाद खाणं, टिळा लावणं. आपल्याकडे अजून पुष्कळांना तेवढंच वाटतं. त्या गोदामात प्रसादही नव्हता आणि टिळाही नव्हता रे, नुसतं चलन आणि पेन होतं.

तुला नोकरी सोड म्हणत नाही. घराचा हप्ता मला माहीत आहे. पण या शुक्रवारी टाइमशीट भरशील तेव्हा सहाचे सहा लिहून बघ. साहेब विचारतील, विचारू देत. दुसऱ्याचं नाव घेऊ नकोस, चुगली करायची नाही, फक्त आपले तास आपण लिहायचे. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. माझं काय झालं ते सांगितलं. आणि मला एक विचारायचंय, त्या शीटवर नाव कोणतं येतं, श्याम की पूर्ण?

बाकी ठीक. आईचा गुडघा तसाच आहे. नाताळची चांदणी माळ्यावरून काढली, आतला होल्डर जळलाय, येताना नवा घेऊन ये, इथल्या दुकानात ढिले मिळतात. शिंगवे गावी न्यायचं म्हणून तुझ्या काकांनी दोन किलो खोबरं सांगितलंय, ते मी बघतो.

ऑफिसातल्या पोरांना नाताळात घरी आण. काजूचं ताट रिकामं कसं परत करणार? आई करंज्या साठ करणार म्हणते, म्हणजे शंभर होतील. फक्त त्यांना आधी काय ते सांगून ठेव. कारण आई तुला जिन्यावरूनच शमू म्हणून हाक मारणार, आणि तिला मी सांगून काही उपयोग होत नाही.

तुझे,
पप्पा