फोटोतल्या चौथ्याचं नाव

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडवरचा पानभर लेख वाचला. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बुलसारा, झांझिबारचा पारशी मुलगा, शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, हे सगळं बेळगावच्या पेपरात मराठीतून वाचायला मिळालं, बरं वाटलं. कोल्हापूर, सातारा मागे टाकून वाईला वळलं की पाचगणीचा घाट, तेव्हा फ्रेडी आम्हाला तसा परका नाही.

तक्रार फोटोखालच्या ओळीबद्दल आहे. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड कार्यक्रमाचा, वेम्बली स्टेडियमवरचा फोटो. खाली छापलंय, 'फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि एक सहकारी.'

त्या एका सहकाऱ्याचं नाव जॉन डीकन. क्वीनचा बेस गिटारवाला, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार वाजवणारा. १९७१ मध्ये बँडमध्ये आला, तिथून पुढे फ्रेडी जाईपर्यंत हेच चौघे होते, पाचवा कोणी नाही. कुरळे केस दोघांचे असल्यामुळे डेस्कवर घोटाळा झाला असेल तर सांगतो, उंच तो ब्रायन.

मला हे एवढं लागण्याचं कारण म्हणजे मी स्वतः त्याच जातीचा. ऐंशीच्या दशकात गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. गोव्याच्या एका वादकाकडून घेतलेली सेकंडहँड गिटार, चारच तारा, त्याही दोन गंजलेल्या. शहापुरातल्या एका कार्यक्रमानंतर ओळखीचे एक काका स्टेजमागं आले आणि म्हणाले, "तू नुस्ता उभा राहूलास काय वाजवूलास रे? काय ऐकूच येईना." दुसऱ्या दिवशी बातमीत गायक, निवेदक, ढोलकीवाला, एवढंच काय मंडपवाल्याचंही नाव आलं. माझं नाही. शास्त्रीय मैफलीच्या बातमीत तानपुऱ्यावर कोण बसलं होतं ते तुम्ही कितीदा छापता, तेही एकदा बघा. इथल्याच सुळेभावीचे कुमार गंधर्व तानपुरा लावण्यावर किती जीव टाकत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही.

असो. डीकनवर येतो. लेस्टरचा हा मुलगा. पोरवयात पहाटे घरोघरी पेपर टाकून साठवलेल्या पैशांतून त्यानं गिटार घेतली. निदान पेपरवाल्यांनी तरी त्याचं नाव गाळू नये! गावातल्या बँडमध्ये तो आधी साधी गिटार वाजवायचा. बेसवाला गेला म्हणून ती जागा याच्याकडे आली. पुढे लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकला, पहिल्या वर्गात पदवी घेतली.

आता जे सांगतो ते माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून जरा लांबण लागेल. मी तीस वर्षं रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवलं. डीकनला लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला, वायरी लोंबत असलेला. बघितल्याबरोबर त्यानं ओळखलं, हा अँप्लिफायर आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, अगदी छोटा. घरी नेऊन एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली, झालं. आवाज कमी-जास्त करायचं बटणसुद्धा त्याला नाही. मूळ हेतू घरी सरावाला वापरायचा, पण ब्रायन मेनं त्यात आपली गिटार लावून बघितली आणि तो डबा कायमचा उचलला. १९७५ च्या 'गुड कंपनी' या गाण्यात जाझ बँडचे ट्रम्पेट, क्लॅरिनेट ऐकू येतात ना, ती सगळी गिटार आहे, याच डब्यातून निघालेली. जगभरचे क्वीनवेडे त्याला 'डीकी अँप' म्हणतात. आमच्या दुकानातही असे पडीक बोर्ड ढिगानं होते. मी ते रद्दीवाल्याला किलोवर घातले, हे कबूल करतो.

आणि हा माणूस नुसता साथीला नव्हता. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गाणं त्याचं. १९८० मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर. हे सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची वेगळी रेकॉर्ड म्हणून काढा, असं मायकल जॅक्सननं सुचवलं, असं बँडवालेच सांगतात. त्याची सुरुवात आठवा. बेसचे एकाच सुरावर तीन ठोके, मग थोडी मोकळी जागा. दुरुस्त झालेला प्रत्येक डेक मी या कॅसेटवर तपासायचो. जाळी काढायची, स्पीकरच्या पेपरला हलकं बोट लावायचं आणि आवाज वाढवायचा. कॉइल घासत असेल किंवा पेपरला बारीक चीर असेल तर तिसऱ्या ठोक्याला 'फर्र' झालंच म्हणून समजा. (हल्ली विसर्जनाच्या डॉल्बीपुढं खिडक्याच फर्र करतात, तो विषय वेगळ्या पत्राचा.) 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' त्यानं बायकोसाठी लिहिलं. त्यातला इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला आवडेना, म्हणून स्वतःच शिकून वाजवला.

२४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला. त्यानंतर डीकन मोजक्या वेळा दिसला, १९९७ मध्ये एक शेवटचं गाणं रेकॉर्ड केलं आणि थांबला. २००१ मध्ये क्वीनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, त्या सोहळ्यालाही गेला नाही. ब्रायन आणि रॉजर पुढंही क्वीनच्या नावानं दौरे करत राहिले. डीकनच्या या थांबण्याला काही जण अज्ञातवास म्हणतात. सहा मुलांचा बाप आपल्या घरात राहतो, त्यात अज्ञातवास कसला? फ्रेडीशिवाय वाजवायचं नाही असं त्याला वाटलं असेल, तर मला ते पटतं. आमचा मुख्य गायक गेला त्या वर्षी मीही गिटार माळ्यावर टाकली. तुलना म्हणून नव्हे, आठवलं म्हणून लिहिलं.

पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी ही विनंती. छापताना एवढी काळजी घ्या, १९७३ च्या क्वीनच्या पहिल्याच रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नाव उलटं, 'डीकन जॉन' असं छापलं होतं. आपण सरळ छापा. जॉन डीकन.

आपला,
एक जुना वाचक
टिळकवाडी, बेळगाव