चित्रे डोळ्यांसमोर हवीत

महोदय,

घरात चित्रे असतात, पण ती इतकी उंच टांगलेली असतात की कुणी पाहतच नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर असावा. मुलांच्या खोलीत तो त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे बराच खाली हवा. जलरंगातले चित्र काचेला टेकू देऊ नये. दमट हवेत ते चिकटते आणि सोडवताना रंग निघतो. मध्ये माउंट बोर्ड, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घालावा, तोही आम्लमुक्त, नाहीतर कडेने कागद पिवळा पडतो. थेट ऊन टाळावे. स्केचपेनचे रंग तर फारच लवकर उडतात, तेव्हा मुलांची चित्रे आधी स्कॅन करून प्रत लावलेली बरी. मूळ चित्राला सेलोटेप कधीच लावू नये (हा मोह फार घरांत दिसतो!), तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग जात नाही.

— एक वाचक