हरित मानांकनानंतरचीही तपासणी हवी

मा. संपादक महोदय,

राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत 'ग्रिहा' या पर्यावरणपूरक इमारतींच्या मानांकनाचे तीन, चार वा पाच तारे मिळवणाऱ्या इमारतींना अनुक्रमे ३, ५ व ७ टक्के वाढीव चटईक्षेत्राची, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीची, तरतूद आहे, ती स्वागतार्हच आहे. मात्र हे चटईक्षेत्र कायमचे मिळते, तर सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा आणि पर्जन्यजल पुनर्भरणाचे खड्डे चालते ठेवण्याची जबाबदारी विकासक निघून गेल्यावर गृहनिर्माण संस्थेवर येते, आणि तिच्याकडे अनेकदा या यंत्रणांचे नकाशेही नसतात. प्रक्रिया यंत्रणाच बंद असलेल्या इमारतीला हरित म्हणणे मला तरी पटत नाही. महापालिकांनी दरवर्षी प्रत्यक्ष तपासणी करून पाणी व विजेच्या वापराचे आकडे जाहीर करावेत.

– एक वाचक, पुणे