लाटेखालच्या होड्या कुठे गेल्या?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवरचा लेख आवडला. पण सोबत होकुसाई या जपानी चित्रकाराच्या 'कानागावाची लाट' या चित्राचा फक्त माथा छापला आहे. जागा नसेल, मान्य. फुजी पर्वत कापला गेला याचेही वाईट वाटत नाही. 'फुजीची छत्तीस दृश्ये' या मालिकेत तो आणखी पंचेचाळीस चित्रांत सापडेल. (नाव छत्तीस, पण खप इतका झाला की प्रकाशकाने दहा चित्रे वाढवली.) वाईट वाटले ते लाटेखालच्या तीन होड्यांचे. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, बाजारात ताजी मासळी पोचवणाऱ्या त्या जलद होड्या. वल्हेकरी जीव मुठीत धरून वल्ह्यांवर ओणवे झाले आहेत. ही माणसे समुद्राची शोभा बघायला निघालेली नाहीत, धंद्यावर आहेत.

साधारण १८३०-३२च्या या मालिकेत अशी माणसे जागोजागी आहेत. ओवारी प्रांताच्या चित्रात एक जण आडव्या टाकलेल्या, बिनबुडाच्या प्रचंड पिंपात शिरून रंधा मारतो आहे. पिंपाच्या गोलातून लांबवर फुजी दिसतो, टीचभर. त्या माणसाचे तिकडे लक्षही नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि तो माझ्या पोटातला आहे, कारण माझे आयुष्य छापखान्यात गेले. सुरुवात पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर, शेवट ऑफसेटवर. लेखात 'होकुसाईने लाकडावर कोरलेले चित्र' असे म्हटले आहे. पोरवयात तो लाकूड कोरायला शिकला होता हे खरे, पण ही चित्रे त्याने कोरली नाहीत आणि छापलीही नाहीत. तो पातळ कागदावर रेखाटन करून द्यायचा. कोरणारा कारागीर ते चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून त्याच्यावरूनच पटाशी चालवायचा. मूळ रेखाटन तिथेच संपायचे. मग रंगागणिक वेगळा ठसा. प्रत्येक ठशाला कोपऱ्यात एक आणि कडेला एक खाच, ओला कागद त्या खाचांना टेकवून ठेवायचा. म्हणजे प्रत्येक रंग नेमका आपल्या जागी बसतो. आम्ही ज्याला रजिस्टर जुळवणे म्हणायचो ते हेच. यंत्र नाही, दाब फक्त हाताचा, बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने घासून.

हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचे १८५७चे पुलावरच्या अचानक आलेल्या पावसाचे चित्र पाहा. पावसाच्या रेघा केसासारख्या बारीक आहेत. ठशात छापते ते उरलेले लाकूड. म्हणजे त्या रेघा कोरलेल्या नाहीत, दोन्ही बाजूंचे लाकूड काढून उभ्या ठेवल्या आहेत. एक तुटली की पाऊस तेवढा खंडित. आम्हाला जस्ताच्या ब्लॉकवर एवढी बारीक रेघ टिकवताना घाम फुटायचा. हेच चित्र पुढे व्हॅन गॉगने तेलरंगात उतरवले, ते जगाला माहीत आहे. होकुसाई मात्र कोरणाऱ्याची किंमत ओळखून होता. एगावा तोमेकिची नावाच्या कारागिराकडूनच काम करून घ्या, असा आग्रह त्याने प्रकाशकांकडे पत्रे लिहून धरला होता. लाटेवर सही आहे ती मात्र एकट्या होकुसाईची.

आणि ही चित्रे तेव्हा कुणा बड्यांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. एखाद-दोन वाडगे नूडल्सच्या किमतीत कुणीही घ्यावीत, भिंतीला डकवावीत, असा मामला होता. जाहिरातही चाले: हिरोशिगेच्या शोनो गावच्या पावसात पळणाऱ्या वाटसराच्या छत्रीवर चक्क प्रकाशकाचे नाव आहे!

विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत ती लाट पुन्हा छापावी. चौकट लहान झाली तरी चालेल, होड्या राहू द्या. आणि निळा जरा सांभाळा. तो युरोपात जन्मलेला प्रशियन निळा, त्याच्या जोरावर तर ही मालिका उभी आहे. आपल्या अंकात तो पार जांभळा झाला होता.

– एक निवृत्त मशीनमन, कोल्हापूर