काल्पनिक जेट : करवत चालवण्याआधी

सर्व सभासदांना कळवण्यात येते की काल्पनिक जेट उपक्रमाचे, म्हणजे वेगवेगळ्या प्लास्टिक मॉडेल किटचे भाग जोडून बनवलेल्या मनातल्या जेट विमानाचे, फोटो महिनाअखेरपर्यंत हवेत. रंग देण्याआधीचा, जोड दिसणारा एक फोटो सक्तीचा. खरी मजा त्यातच असते!

किट कितीही जोडा, पण स्केल (खऱ्या विमानाच्या तुलनेत मॉडेलचं प्रमाण) एकच ठेवा. १/४८ चा भाग १/७२ च्या दीडपट भरतो. पंख किंवा टाकी एक वेळ खपून जाते, कॉकपिट मात्र लगेच चुगली करतं. कापण्याआधी भाग टेपने जोडून समोरून बघा, दोन्ही पंखांचा कोन सारखा आहे ना. जोडात पितळी नळी आरपार घाला. नुसत्या पुट्टीच्या भरवशावर पंख टिकत नाही. रेझिनच्या भागांना प्लास्टिक सिमेंट धरत नाही, तिथे सुपरग्लू. रेझिन घासताना पाणी आणि मास्क दोन्ही वापरा, त्याची धूळ फुप्फुसांना वाईट.

नाकातलं वजन फ्यूजलाज (विमानाचं धड) बंद करण्याआधीच टाका. पंख मागे सरकवले असतील तर नेहमीपेक्षा जास्त लागेल, नाहीतर विमान शेपटीवर बसतं.

‘असं विमान असतं का?’ असं कोणी विचारलंच, तर अमेरिकेच्या ग्रुमन कंपनीचं एक्स-२९ हे खरं प्रायोगिक विमान दाखवा. १९८४ मध्ये उडालेल्या या विमानाचा पुढचा भाग एफ-५ए या लढाऊ विमानाचा होता आणि मुख्य चाकं एफ-१६ या दुसऱ्या लढाऊ विमानाची.

फोटोसोबत कोणत्या किटचा कोणता भाग वापरला तेही लिहा. उरलेले सुटे भाग फेकू नका, इतरांना लागतात.