ग्रीक पुराणकथा पूर्वेलाही आल्या

रविवारच्या पुरवणीतील ग्रीक पुराणकथांच्या प्रभावावरचा लेख वाचला. होमरपासून रोम आणि पुढे युरोपातील प्रबोधनकाळ हा प्रवास त्यात छान मांडला आहे. पण हा प्रभाव केवळ पश्चिमेकडेच गेला, असा जो समज लेखातून होतो, तो पटत नाही.

पोटात ग्रीक सैनिक दडवलेल्या ट्रॉयच्या लाकडी घोड्याचेच पाहा. आजच्या पाकिस्तानातील मर्दान भागातले, म्हणजे प्राचीन गांधार प्रदेशातले एक शिल्प आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात चाकांवरचा घोडा पुढे ढकलला जातो आहे, एकजण त्याच्या छातीवर भाला रोखून उभा आहे आणि वेशीत धोका ओळखणारी ट्रॉयची राजकन्या कॅसान्ड्रा दोन्ही हात वर करून आकांत करते आहे. तिची धाटणी मात्र अस्सल भारतीय! गांधारातीलच काही शिल्पांत बुद्धाचा पाठराखा वज्रपाणी थेट ग्रीक वीर हेराक्लीजसारखा, सिंहाचे कातडे पांघरलेला दिसतो.

शिवाय ही देवाणघेवाण दुतर्फा होती. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात अँटिअल्किडास या ग्रीक राजाचा दूत हेलिओडोरस याने विदिशाजवळ वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि स्वतःला ‘भागवत’ म्हणवून घेतले. इतक्या लांब कशाला, नाशिकच्या पांडवलेण्यांतील 17 क्रमांकाचे लेणे धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या उत्तरेकडून आलेल्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, कोरवून घेतले, असे तिथल्या शिलालेखातच नमूद आहे. लेखमाला पुढे चालणार असेल, तर एखादा भाग या पूर्वेकडच्या प्रवासावरही यावा.

– एक वाचक, नाशिक