संवादकौशल्याच्या मूल्यमापनात रुग्णालाही विचारा : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

एमबीबीएसच्या प्रात्यक्षिक परीक्षेतील ‘लाँग केस’ आपल्या परिचयाची असेलच. विद्यार्थी रुग्णाजवळ बसून आजाराचा इतिहास घेतो, तपासणी करतो आणि मग परीक्षकांसमोर केस मांडतो. इतिहास घेतला जात असताना परीक्षक बहुधा तिथे नसतात. त्यामुळे विद्यार्थी रुग्णाशी कसा बोलला याचा साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे रुग्ण, आणि नेमके त्यालाच कोणी काही विचारत नाही. ही उणीव दूर व्हावी, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी हृदयाच्या झडपेच्या विकाराची रुग्ण असून अशी ‘केस’ म्हणून अनेकदा खाटेवर पडून राहिले आहे. एका विद्यार्थिनीने आधी स्वतःचे नाव सांगितले, पडदा ओढून घेतला, ‘तपासू का?’ असे विचारले आणि मी बोलू लागल्यावर कागदावरची नजर काढून माझ्याकडे पाहिले. तिच्यानंतरच्या विद्यार्थ्याने दम कधीपासून लागतो, जिना चढताना लागतो का, पायाला सूज येते का, असे प्रश्न एकापाठोपाठ एक विचारले. आडवे पडले की जीव घुसमटतो, म्हणून रात्री उशा रचून टेकून झोपावे लागते, हे मी सांगू लागले, तोवर तो पुढच्या प्रश्नावर गेला होता. निदानाच्या दृष्टीने महत्त्वाची ती बाब त्याच्या टिपणात आलीच नाही. झडपेचा आवाज मात्र दोघांनीही अचूक ओळखला. त्यांच्या बोलण्यातला फरक माझ्याखेरीज कोणालाही कळला नाही आणि त्या विद्यार्थ्यालाही तो कोणी सांगितला नसणार, याचे मला आजही वाईट वाटते, कारण तो हुशार होता आणि सांगितले असते तर सुधारला असता.

हा दोष एखाद्या विद्यार्थ्यापुरता नाही. 1984 मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांच्या 74 भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवतात, असे दिसून आले होते. आपल्याकडे 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’च्या रूपाने वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांना रीतसर स्थान मिळाले, हे स्वागतार्हच आहे. पण विद्यार्थ्याचा संवाद कसा आहे हे ठरवतात ते शिक्षक. ऐकणाऱ्याला काय समजले, हे शिक्षकांना बाजूला उभे राहून पुरते कळू शकत नाही.

प्रशिक्षित व्यक्तीने रुग्णाची भूमिका करण्याची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये सुरू केली, आणि रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये मांडलेल्या ‘ऑस्की’ परीक्षेत (जिच्यात विद्यार्थी एकामागून एक ठरावीक टेबलांवर जाऊन एकेक कौशल्य करून दाखवतो) तिचा पुढे भरपूर उपयोग झाला. ती उपयुक्तच आहे. वाईट बातमी कशी सांगावी याचा सराव खऱ्या रुग्णावर करू नये, हे उघड आहे. मात्र ज्याला खरोखर धाप लागली आहे, त्याचे म्हणणे त्या सरावाने भरून निघत नाही.

रुग्णाचे मत घेणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. उपचार ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याबद्दल रुग्ण सहसा वावगे बोलत नाही. ‘समाधानी आहात का?’ असे विचारले तर ‘हो’ हेच उत्तर येणार. म्हणून प्रश्न नेमके हवेत : विद्यार्थ्याने नाव सांगितले का, हात लावण्यापूर्वी परवानगी घेतली का, तुमचे बोलणे पूर्ण होऊ दिले का, आणि त्याने जे समजावले ते तुमच्या शब्दांत सांगाल का. या शेवटच्या प्रश्नाला माझ्या मते सर्वांत अधिक महत्त्व द्यावे. हे प्रश्न उपचार करणाऱ्या चमूबाहेरच्या व्यक्तीने, रुग्णाच्या भाषेत, तोंडी विचारावेत, म्हणजे ज्यांना लिहिता-वाचता येत नाही तेही वगळले जाणार नाहीत. उत्तर न देण्याची मोकळीक हवी आणि त्याचा उपचारांवर परिणाम होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे. विद्यार्थ्यांवरही अन्याय होता कामा नये. ताटकळत बसल्याचा राग किंवा एखाद्याच्या जातीविषयी, बोलीविषयी मनात असलेला आकस अभिप्रायात उतरू शकतो. त्यामुळे एकाच रुग्णाच्या मतावर काहीही ठरवू नये. अनेकांची मते एकत्र करून, नावे न उघडता, शिक्षकांनी ती विद्यार्थ्यासमोर बसून वाचावीत. निदान सुरुवातीला यासाठी गुण ठेवू नयेत. गुण आले की विद्यार्थी रुग्णाला खूश करायला शिकेल.

आपणांस विनंती आहे की, आपल्या अखत्यारीतील शासकीय महाविद्यालयांत मेडिसिनच्या क्लिनिकल पोस्टिंगपासून, म्हणजे वॉर्डातील प्रत्यक्ष प्रशिक्षणापासून, हा उपक्रम सुरू करावा, अभिप्रायाची नोंद विद्यार्थ्याच्या लॉगबुकमध्ये व्हावी, प्रश्नावली ठरवणाऱ्या समितीत रुग्णांचे प्रतिनिधी असावेत आणि वर्षभराचा अनुभव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगापुढे मांडावा. त्या समितीत काम करण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
हृदयविकाराची एक रुग्ण